पिझ्झा राहू दे, लादीपावाची गणितं छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात रोज सुडोकू येतं, शब्दकोडं येतं, राशीभविष्य तर असतंच. माझी मागणी एवढीच की त्याच पानावर चार ओळींची जागा काढून अपूर्णांकांच्या बेरजेचं एक शाब्दिक उदाहरण छापा, पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी, आणि ते उदाहरण मुंबईतलं असू द्या. मी भांडुपला घरी शिकवण्या घेते, बहुतेक मुलं सेमी इंग्रजीची, काही पूर्ण मराठीची, आणि दरवर्षी गाडी याच स्टेशनात येऊन अडते. गुणाकार येतो, भागाकार येतो, लसावि (दोन्ही संख्यांनी भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या) सुद्धा काढतात, पण छेद वेगळे असलेले दोन अपूर्णांक समोर ठेवले आणि त्यात चार वाक्यांची गोष्ट घातली की पोरं एकदम गप्प.

आता वर्कशीट काही कमी आहेत असं नाही. आई-बाबांच्या व्हॉट्सअॅपवर ढिगाने येतात, पण सगळ्यांत पिझ्झा नाहीतर केक. एकाने पिझ्झ्याचा १/८ खाल्ला दुसऱ्याने ३/८ खाल्ला तर दोघांनी मिळून किती खाल्ला. छेद आधीच सारखा, करायचं काय तर १ आणि ३ ची बेरीज, म्हणजे पहिलीतलं गणित झालं ते. आणि छेद वेगळे दिले की मूल अंशात अंश मिळवतं, छेदात छेद मिळवतं आणि १/२ + १/३ = २/५ लिहून मोकळं होतं. शाळेत त्यावर लाल फुली येते, क्लासमध्ये लसाविची पद्धत पुन्हा घोटून घेतात, आणि पुढच्या टेस्टला परत २/५.

मी काय करते, तर लादीपाव. आमच्याकडे बेकरीवाल्याकडून सहा पावांची लादी येते, दोन रांगा, एकेका रांगेत तीन. अर्धी लादी म्हणजे किती पाव? तीन. लादीचा तिसरा भाग म्हणजे किती? दोन. मिळून पाच पाव, म्हणजे लादीचे ५/६. इथे कोणी लसावि हा शब्द उच्चारला नाही तरी सहा समोर आला, कारण अर्धी पण करता यावी आणि तीन भाग पण करता यावेत अशी लादी सहाचीच लागते. मग मी विचारते, ते २/५ आलं होतं ना, ते अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? जरा विचार करून सांगतात, कमी. अरे मग अर्ध्या लादीत अजून दोन पाव टाकले आणि लादी कमी कशी झाली? हा प्रश्न ज्याला एकदा नीट कळला ते मूल २/५ लिहायच्या आधी निदान थांबतं तरी. माझ्या मते बेरजेच्या आधी अंदाज हे अर्धं काम आहे, आणि वर्कशीटमध्ये अंदाजाला जागाच नसते, फक्त उत्तराची चौकट असते.

पण मला इथे मुलांची बाजू पण मांडायची आहे. हे २/५ ते हवेतून काढत नाहीत. युनिट टेस्टचे पेपर घरी येतात तेव्हा बाबा काय करतात? मराठीत १० पैकी ८, गणितात २० पैकी १५, आणि वरचे वर मिळवून खालचे खाली मिळवून ३० पैकी २३. पेपरावर ते लिहिलेलं असतं ८/१० आणि १५/२०, मधे तीच तिरपी रेघ, आणि बेरीज केली २३/३०, आणि ती बरोबर पण आहे! मग मुलाने १/२ आणि १/३ ची बेरीज तशीच केली तर त्याचं काय चुकलं? हे कोणीतरी त्याला नीट सांगायला पाहिजे ना, की मार्कांमध्ये दोन वेगळे पेपर एकत्र करतोय, दहाचा आणि विसाचा मिळून तीसचा मोठा पेपर झाला. लादी मात्र एकच आहे, ती दोन लाद्यांची होत नाही. पुस्तकात हे कुठे ठळकपणे येत नाही, आणि मला वाटतं सगळ्या घोळाचं मूळ इथेच आहे.

म्हणून मी मुलांना मुद्दाम लोकलचं गणित घालते. बारा डब्यांच्या लोकलचा १/३ भाग भरला, पंधरा डब्यांच्या लोकलचा १/५ भाग भरला, एकूण किती भाग भरला? हुशार मुलं झटकन समच्छेद करून ५/१५ अधिक ३/१५ म्हणजे ८/१५ सांगतात. आता डबे मोजा. बाराचा तिसरा भाग चार डबे, पंधराचा पाचवा भाग तीन डबे, मिळून सात डबे. ८/१५ म्हणजे कशाचे ८/१५? पंधराचे धरले तर आठ डबे होतात आणि आपल्याकडे आहेत सात. दोन्ही गाड्या मिळून सत्तावीस डबे, त्यातले सात, म्हणजे ७/२७. तर बेरीज करायच्या आधी बघायचं की दोन्ही भाग एकाच अख्ख्या वस्तूचे आहेत का. वेगळ्या गाड्यांचे असतील तर अपूर्णांक थेट मिळवायचे नाहीत, आधी डबे मोजायचे. या गणितावर मुलं भांडतात, आणि ते भांडण मला फार आवडतं.

घड्याळ हे तर अपूर्णांकांचं फुकटचं यंत्र आहे. घरातून स्टेशन पाव तास, गाडीत पाऊण तास, उतरल्यावर ब्रिज चढून ऑफिसपर्यंत तासाचा सहावा भाग, एकूण किती? पंधरा, पंचेचाळीस, दहा, सत्तर मिनिटं, म्हणजे एक पूर्णांक एक षष्ठांश तास. मुंबईतलं कुठलंही पोर हे तोंडी करतं, कारण आई-बाबांचं जायचं-यायचं गणित ते रोज ऐकतं. मग तेच वहीत १/४ + ३/४ + १/६ असं लिहायचं आणि दाखवायचं की बघ, तू मनात साठावर नेऊन केलंस, वहीत बारावर नेलं तरी चालतं, उत्तर तेच. साठाची मजा अशी की त्याला २, ३, ४, ५, ६, १०, १२ सगळ्यांनी भाग जातो त्यामुळे १/३ + १/४ + १/५ सारखं भयंकर दिसणारं गणित पण वीस अधिक पंधरा अधिक बारा, सत्तेचाळीस मिनिटं, ४७/६० तास, संपलं. पण तासाचा सातवा भाग आला की घड्याळ हात वर करतं, मिनिटं पूर्ण निघत नाहीत, आणि मग लसावि कशाला हवा ते मुलाला आपोआप कळतं, मला सांगावं लागत नाही.

क्लासमध्ये हल्ली एक फुलपाखराची ट्रिक शिकवतात, तिरपा गुणाकार करायचा, वर दोन पंख, खाली छेदांचा गुणाकार. चालते ती, नाही असं नाही. पण ५/१२ + ७/१२ ला सुद्धा मुलं फुलपाखरू काढतात, ६० अधिक ८४ भागिले १४४ लिहितात आणि मग १४४/१४४ कडे बघत बसतात. छेद सारखेच होते रे बाबा! आणि तीन अपूर्णांक आले की फुलपाखराला तिसरा पंख कुठून आणणार. स्कॉलरशिपच्या परीक्षेसाठी वेग लागतो म्हणून ट्रिक, हे मी समजू शकते, पण पाचवीच्या मुलाला आधी लादी दाखवा, ट्रिक नंतर द्या.

दुसरी ट्रिक म्हणजे शब्द बघून क्रिया ठरवणे. "एकूण" दिसलं की बेरीज, "उरले" दिसलं की वजाबाकी. मी विचारते, आईने १/४ किलो साखर लाडवांना वापरली आणि डब्यात १/३ किलो उरली, तर आधी डब्यात किती होती? "उरली" वाचल्याबरोबर वर्गातली निम्मी पोरं वजाबाकी करून १/१२ सांगतात. म्हणजे डब्यात शंभर ग्रॅमसुद्धा साखर नव्हती आणि त्यातली पाव किलो वापरली! खरं उत्तर ३/१२ अधिक ४/१२, ७/१२ किलो. असं एक गणित पेपरात आलं तर घरातली मोठी माणसं सुद्धा फसतील याची मला खात्री आहे.

त्याहून वाईट फसवतं ते "उरलेल्याचा". पगाराचा १/३ घरभाड्यात जातो, उरलेल्याचा १/४ मुलांच्या फीत जातो, दोन्ही मिळून पगाराचा किती भाग गेला? १/३ + १/४ = ७/१२ हे उत्तर चूक. चोवीस हजार पगार धरा, आठ हजार भाडं, राहिले सोळा, त्याचे चार हजार फी, एकूण बारा हजार, बरोब्बर अर्धा पगार. (आठ हजारात मुंबईत भाड्याने काय मिळतं ते मला विचारू नका, गणित आहे ते.) इथे परत तोच मुद्दा, १/४ कशाचा? पूर्ण पगाराचा की उरलेल्याचा? मोठेपणी लोनचे कागद वाचताना पण हाच प्रश्न येतो.

उत्तर एकापेक्षा मोठं आलं की मुलांना भीती वाटते, खोडतात. त्यांच्यासाठी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरची टाकी. सकाळी टाकी अर्धी होती, पहिल्यांदा मोटर लावली तेव्हा १/३ टाकी पाणी चढलं, कोणीतरी विसरून परत मोटर लावली आणि अजून १/४ टाकी पाणी चढलं, मधे कोणी नळ उघडला नाही असं समजा. ६/१२ अधिक ४/१२ अधिक ३/१२, म्हणजे १३/१२. टाकीत १३/१२ पाणी बसेल का? नाही बसणार, १/१२ वाहून खाली गेलं आणि त्यावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये काय झालं ते वेगळं पत्र होईल. पण मुलांना अंशाधिक अपूर्णांक म्हणजे ओव्हरफ्लो हे एकदा डोळ्यासमोर आलं की ते उत्तर खोडत नाहीत.

क्रिकेटवाल्यांसाठी ओव्हर. एकाने ३.४ ओव्हर टाकल्या दुसऱ्याने २.५, कॅल्क्युलेटर म्हणतो ५.९, आणि शिवाजी पार्कावरचा दहा वर्षांचा पोरगा म्हणतो ६.३. पोरगा बरोबर. कारण तो टिंब दशांशाचा नाहीच, तो सहाव्या भागांचा आहे, ३ पूर्णांक ४/६ आणि २ पूर्णांक ५/६, बॉल झाले नऊ, त्यातल्या सहाची एक ओव्हर वर गेली, राहिले तीन. पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची बेरीज हातचा घेऊन कशी करायची हे ज्या पोराला वहीत जमत नाही तोच मैदानावर स्कोअर लिहिताना ती न चुकता करतो, आणि हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की तू आत्ता अपूर्णांक केलेस.

घरात फर्निचरचं काम निघालं तर मुलांना सुताराजवळ बसवा. तो इंचाचे आठ सूत करतो. तीन सूत जाडीच्या पट्टीवर पाव इंचाची पट्टी बसवायची तर पाव इंच म्हणजे दोन सूत, एकूण पाच सूत, ५/८ इंच. शाळेत न गेलेला माणूस सुद्धा ३/८ + १/४ असं तोंडी करतो कारण त्याचा समच्छेद त्याच्या टेपवर आखलेला आहे. तसंच जुन्या रुपयाचं. १९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. पाव रुपया चार आणे, रुपयाचा आठवा भाग दोन आणे, सोळावा एक आणा, मिळून सात आणे, ७/१६, बाजारात उभ्या उभ्या झालं. रुपयाचा तिसरा भाग सुद्धा पाच आणे चार पै असा पूर्ण निघायचा, जो आजच्या शंभर पैशांत निघत नाही. म्हणून लगेच आणे परत आणा असं मी म्हणत नाहीये, आणि पावकी निमकी (पाव आणि अर्ध्याचे पाढे) पाठ करायला लावा असंही नाही, आजच्या मुलांना तेवढा वेळ पण नाही. पण आजी-आजोबा घरात असतील तर त्यांना हे एक संध्याकाळभर बोलू द्या.

चकलीच्या भाजणीचं गणित सगळ्यात आवडतं. तांदूळ अर्धा किलो, हरभरा डाळ पाव किलो, उडीद डाळ १/८, मूग डाळ १/८, पोहे १/८. सगळं मिळून १ पूर्णांक १/८ किलो, म्हणजे सव्वा अकराशे ग्रॅम. गिरणीवाला सव्वा किलोचे पैसे लावतो. त्याने किती जास्त धरलं? १/८ किलो. आता यावर गिरणीत वाद घालायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, आमच्याकडे मुलं घालायला निघाली होती, मीच थांबवलं.

कोणी म्हणेल की शाब्दिक उदाहरणं ही काय आजची गोष्ट आहे का. नाहीच. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावती या आपल्या गणिताच्या ग्रंथात भुंग्यांचं गणित घातलंय, थव्यातला पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्राच्या फुलांवर, या दोन भागांतल्या फरकाच्या तिप्पट कुड्यावर, आणि एकच भुंगा उरला तो वासाने वेडा होऊन हवेत फिरतोय, तर भुंगे किती? १/५ म्हणजे ३/१५, १/३ म्हणजे ५/१५, फरक २/१५, त्याची तिप्पट ६/१५, बेरीज १४/१५, उरला १/१५ म्हणजे तो एकटा भुंगा, म्हणून थवा पंधराचा. यात बेरीज आहे, वजाबाकी आहे, अख्खं म्हणजे काय याचा विचार आहे, आणि फुलं त्यांच्या आजूबाजूची आहेत, परदेशातली नाहीत. भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख उजेडात आणला तो पण मुंबईच्याच डॉ. भाऊ दाजी लाडांनी, राणीच्या बागेला लागून त्यांच्या नावाचं म्युझियम आहे तिथे आपण मुलांना नेतो, पण हे कोणी सांगत नाही. असो, विषय भरकटला.

तर संपादक साहेब, तुम्ही करायचं काय. रोज नको, आठवड्यातून दोनदा चालेल. एक गणित, चार ओळी, उत्तर पुढच्या खेपेला. वाचकांकडून मागवा, भाजीवाल्या मावशी, रिक्षावाले दादा, टेलर, नर्स, सगळ्यांकडे अशी गणितं पडलेली असतात. फक्त तपासून घ्या, कारण चुकीचं उत्तर छापून आलं तर माझ्यासारख्या शिकवणीवाल्यांचं अवघड होतं, पेपरात आलंय म्हणजे बरोबर असं मुलं धरून चालतात. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, गणित कसं शिकवावं यावर तिथे काम चालतं, त्यांना विचारून बघा. आणि एक अट, मधूनमधून एखादं गणित असं द्या ज्याचं उत्तर "ही बेरीज करताच येत नाही" असं आहे, कारण कुठला तरी तुकडा कशाचा ते सांगितलेलंच नाही. मुलं आधी चिडतील. चिडू द्या. आणि चौकटीत रंगीत पिझ्झ्याचं चित्र टाकू नका, प्लीज.

सुरुवातीला एक गणित मीच देते. सत्यनारायणाच्या प्रसादाला सव्वा किलो रवा हवा आहे. घरात अर्ध्या किलोचं पाकीट आहे पण त्यातला १/५ रवा कालच्या उपम्यात गेला. शेजारच्या काकूंनी पाऊण किलो दिला. रवा पुरेल का, आणि नसेल पुरत तर दुकानातून किती आणायचा? उत्तर सोबत जोडलेलं नाही, छापायचं ठरलं की कळवा, पाठवते.

आपली,
भांडुपची एक शिकवणीवाली